दोन मीटर, एक क्षण

शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही एक साधा प्रयोग करायला दिला होता. साहित्य अगदी किरकोळ होते: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, १००० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १० किलोओहमचा एक रोध आणि दोन डिजिटल मल्टिमीटर. बॅटरीने कपॅसिटर भारित करायचा, मग बॅटरी काढून घ्यायची आणि तो रोधातून हळूहळू रिकामा होऊ द्यायचा. एक मीटर रोधाच्या दोन टोकांमधले विभवांतर दाखवतो, दुसरा रोधातून जाणारी विद्युतधारा. विभवांतराला धारेने भागले की रोध मिळाला पाहिजे. तो १० किलोओहमच यायला हवा, कारण तोच तर आपण जोडलेला आहे.

एका गटाचे उत्तर आले १२.२ किलोओहम. त्यांनी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा १२.२ च्या आसपास. तिसऱ्यांदाही तेच. शेजारच्या गटाचे उत्तर ८.२ किलोओहम. त्यांनीही तीनदा करून पाहिले होते. दोन्ही गट आपापल्या उत्तरावर ठाम! एवढ्या वेळा तेच उत्तर येते म्हणजे ते चूक कसे असेल, असा त्यांचा सवाल होता. रोध बदलून पाहिला, मीटर बदलून पाहिले, बॅटरीही नवी आणली. फरक पडला नाही. रोध सुटा काढून मल्टिमीटरच्या ओहम पल्ल्यावर मोजला, तर तो निमूटपणे १० किलोओहम दाखवत होता.

मग आम्ही वाचन घेणाऱ्यांकडे पाहिले. दोन्ही गटांत एकच जण दोन्ही मीटर वाचत होता. पहिल्या गटातले शिक्षक आधी विभवांतर वाचून वहीत लिहीत आणि मग नजर दुसऱ्या मीटरकडे नेत. यात सुमारे दोन सेकंद जात. दुसऱ्या गटातल्या बाई आधी धारा वाचत आणि मग विभवांतर. एवढाच काय तो फरक. पण या दोन सेकंदांत कपॅसिटर काही त्यांच्यासाठी थांबत नव्हता.

दोन सेकंदांचा हिशोब

या मंडलाचा कालस्थिरांक म्हणजे रोध आणि धारकता यांचा गुणाकार, तो येतो १० सेकंद. याचा अर्थ असा, की दर १० सेकंदांनी विभवांतर आधीच्या सुमारे ३७ टक्के उरते. सुरुवातीला ते ९ व्होल्ट असेल तर चार सेकंदांनी ६.०३ व्होल्ट आणि सहा सेकंदांनी ४.९४ व्होल्ट असते. त्या त्या क्षणी धारा अनुक्रमे ०.६०३ आणि ०.४९४ मिलिअँपिअर असते.

आता पहिल्या गटाने चौथ्या सेकंदाला विभवांतर वाचले, ६.०३ व्होल्ट. सहाव्या सेकंदाला धारा वाचली, ०.४९४ मिलिअँपिअर. भागाकार १२.२ किलोओहम. दुसऱ्या गटाने चौथ्या सेकंदाची धारा आणि सहाव्या सेकंदाचे विभवांतर घेतले. ४.९४ भागिले ०.६०३ म्हणजे ८.२ किलोओहम. दोन्ही मीटर बरोबर होते. चारही वाचने बरोबर होती. चूक होती ती भागाकारात: वेगवेगळ्या क्षणांच्या दोन राशींना आपण एकाच क्षणाच्या समजलो.

इथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे वाचन चौथ्या सेकंदाला घ्या की चौदाव्या, दोन सेकंदांचा उशीर कायम असेल तर उत्तर १२.२ च येते. त्यामुळे प्रयोग शंभर वेळा करून सरासरी काढली तरी सरासरी १२.२ च येणार. पुनरावृत्तीने विखुरलेल्या चुका कमी होतात, एकाच बाजूला ओढणारी चूक कमी होत नाही. उलट तीच ती संख्या पुन्हा पुन्हा दिसल्यामुळे आपला चुकीवरचा विश्वास वाढतो.

दुसरी गोष्ट आशादायक आहे. वाचनाचा क्रम उलटवला की चूकही उलटली. १२.२ आणि ८.२ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, उत्तर १० येते! अदलाबदल करून पाहणे ही चूक शोधण्याची एक फार जुनी आणि फार चांगली रीत आहे.

एका मोजमापात एकाहून जास्त उपकरणे आली की हा प्रश्न येतोच. मग ती शाळेतली दोन मल्टिमीटर असोत, की एखाद्या प्रयोगशाळेतले ऑसिलोस्कोप, फ्रीक्वेन्सी काउंटर आणि सिग्नल जनरेटर. प्रत्येक उपकरण अचूक असणे पुरेसे नाही. ती सगळी एकाच क्षणाबद्दल बोलत आहेत का, हेही पाहावे लागते. त्यासाठी तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. त्या एकेक करून पाहू या.

पहिली गोष्ट: एकदम सुरुवात

कार्यशाळेत उपाय सोपा होता. दोन मीटर दोघांनी सांभाळायचे आणि तिसऱ्याने ‘आता’ म्हणताच दोघांनी ‘होल्ड’चे बटण दाबायचे. आकडे गोठतात, मग ते सावकाश लिहून घेता येतात. दोघांच्या बोटांच्या हालचालीत दशांश सेकंदाचा फरक राहिला, तर या मंडलात चूक फक्त एक टक्क्याची होते. हे ‘आता’ म्हणजेच उपकरणांच्या भाषेतला ट्रिगर.

मोठ्या प्रयोगशाळेत ‘आता’ म्हणायला माणूस नसतो, तारेतून जाणारा विजेचा एक स्पंद असतो. पण वेगवेगळ्या प्रकारच्या उपकरणांना एकमेकांचे कळावे कसे? यावर हुलेट-पॅकार्ड कंपनीने १९६०च्या दशकात एक सामाईक जोडणी तयार केली. १९७५ साली ती आयईईई-४८८ या नावाने प्रमाणित झाली. तिला जीपीआयबी असेही म्हणतात. आता यूएसबी आणि इथरनेटच्या जोडण्या आल्या असल्या तरी ही जुनी जोडणी अजून वापरात आहे.

तिची रीत वर्गासारखीच आहे. एका वेळी बोलणारा एकच, ऐकणारे अनेक, आणि कोणी बोलायचे हे ठरवणारा एक नियंत्रक. एका मार्गावर जास्तीत जास्त १५ उपकरणे. माहितीसाठी आठ तारा, आणि शिवाय तीन तारा केवळ परस्परांची तयारी कळवण्यासाठी. ‘मी अजून तयार नाही’, ‘माहिती ठेवली आहे’ आणि ‘मी अजून घेतली नाही’ असे निरोप या तीन तारांवरून जातात. गंमत अशी, की ‘तयार नाही’ ही तार कोणतेही एक उपकरण खाली ओढून धरू शकते. सर्वांनी सोडली तरच ती वर येते. शुद्धलेखन सांगताना शेवटच्या मुलाची मान वर होईपर्यंत गुरुजी पुढचे वाक्य सांगत नाहीत, तसेच हे. सगळ्यांचा वेग सर्वांत सावकाश गड्याएवढा होतो, पण निरोप कोणाचा चुकत नाही.

याच जोडणीत नियंत्रकाला ‘सर्वांनी आता मोजा’ असा एक सामाईक आदेशही देता येतो. मात्र आदेश ऐकल्यावर प्रत्यक्ष मोजायला प्रत्येक उपकरण आपापला वेळ घेते. कोणी काही मायक्रोसेकंदांत सुरुवात करते, कोणाला काही मिलिसेकंद लागतात. ‘सावधान’ म्हटल्यावर सगळी मुले एकदम टाच जुळवत नाहीत, तसेच.

हा फरक केवढा महागात पडतो, याचे घरगुती उदाहरण वीजमापनात मिळते. आपल्याकडच्या विजेचे एका सेकंदात ५० आवर्तने होतात, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. ३६० अंश २० मिलिसेकंदांत, तर एक मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. आता विभवांतर आणि धारा यांची नोंद एकमेकांपासून एक मिलिसेकंद सरकलेली आहे असे समजा. पाणी तापवायच्या हीटरची शक्ती १८ अंशांच्या कोज्येच्या पटीत, म्हणजे ०.९५ पट दिसेल. पाच टक्के चूक. पण ज्या मोटरचा शक्तिगुणक ०.५ आहे, म्हणजे धारा ६० अंश मागे आहे, तिच्या बाबतीत हे ६० अंश कधी ७८ दिसतील तर कधी ४२. शक्तिगुणक ०.२१ किंवा ०.७४! मीटर तेच, उशीर तोच, पण हीटरच्या बाबतीत खपून गेलेली चूक मोटरच्या बाबतीत अनर्थ करते. म्हणून शक्ती मोजणाऱ्या चांगल्या उपकरणात विभवांतर आणि धारा यांचे नमुने एकाच क्षणी घेतात, किंवा दोन नमुन्यांमधला उशीर नेमका मोजून हिशोबात धरतात.

दुसरी गोष्ट: ठेका एकच

सुरुवात एकदम झाली, तरी पुढे काय? मोजमाप तासभर चालणार असेल तर प्रत्येक उपकरण आपल्या आतल्या घड्याळाने चालते. हे घड्याळ म्हणजे क्वार्ट्‌झचा स्फटिक. साध्या स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक असणे नवलाचे नाही. ऐकायला ही चूक क्षुल्लक वाटते, पण एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यामुळे दिवसाअखेर ती १.७ सेकंद होते. एक घड्याळ पुढे आणि दुसरे तेवढेच मागे पडत असेल तर अंतर साडेतीन सेकंदांचे.

लेझीमच्या पथकात प्रत्येकाने मनातल्या मनात ठेका धरला तर काय होईल, हे आपण जाणतोच. म्हणून हलगी एकच असते. उपकरणांचेही तसेच. चांगल्या उपकरणांच्या मागच्या बाजूला १० मेगाहर्ट्‌झचा ठेका आत घेण्याची आणि बाहेर देण्याची सोय असते. सर्वांत स्थिर घड्याळ असलेल्या उपकरणाचा ठेका बाकीच्यांना देतात. मग ते घड्याळ किंचित चुकीचे असले तरी निदान सगळी उपकरणे मिळून चुकतात, एकमेकांपासून फाटत नाहीत.

तिसरी गोष्ट: वाटेत लागणारा वेळ

हलगीचा आवाज पथकाच्या शेवटच्या रांगेला थोडा उशिरा पोचतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा ३४ मीटर मागे असलेल्याला ठेका दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. शाळेच्या क्रीडास्पर्धांतही हे दिसते. १०० मीटर धावण्याच्या शर्यतीत पंच अंतिम रेषेवर उभे असतात. त्यांनी पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ सुरू केले तर ते सुमारे ०.३ सेकंद उशिरा सुरू होईल आणि प्रत्येक धावपटू आहे त्यापेक्षा ०.३ सेकंद वेगवान ठरेल. म्हणून धूर दिसताच किंवा निशाण पडताच घड्याळ सुरू करावे, असे सांगतात. हे उदाहरण वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे ते कामाला येणार आहे.

तारेतला विजेचा संदेश ध्वनीपेक्षा कितीतरी वेगवान असतो, पण तोही तत्क्षणी पोचत नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे आपली पट्टीच. नेहमीच्या केबलमध्ये आणि प्रकाशतंतूत संदेश एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटरच जातो. मीटरभर लांब तार म्हणजे पाच नॅनोसेकंद उशीर. दोन उपकरणांना ट्रिगर नेणाऱ्या तारा एक आणि तीन मीटर लांबीच्या असल्या की १० नॅनोसेकंदांचा फरक आलाच.

याचे भव्य उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. १४ तबकड्या मधल्या चौकात जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीच्या संदेशांची तुलना करावी लागते. अवकाशातून येणारी लहर सगळ्या तबकड्यांवर एकदम येत नाही. शिवाय तबकडीपासून केंद्रापर्यंत प्रकाशतंतूंची लांबी वेगवेगळी. २५ किलोमीटर जायला प्रकाशालाही ८० मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ लागतो. म्हणून जवळच्या तबकड्यांचे संदेश हिशोबाने रोखून धरावे लागतात. त्यातच पृथ्वी फिरत असल्यामुळे हा हिशोब सतत बदलत राहतो. तो जुळला तरच तीस तबकड्या मिळून एक दुर्बीण होते.

साठ नॅनोसेकंदांची गोष्ट

या तिन्ही गोष्टी जगातल्या निष्णात शास्त्रज्ञांनी सांभाळल्या आणि तरीही एक दुवा कच्चा राहिला, तर काय होते? ही गोष्ट २०११ सालची आहे.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून न्यूट्रिनो नावाचे कण जमिनीखालून इटलीतल्या ग्रान सासो येथे पाठवले जात होते. अंतर सुमारे ७३० किलोमीटर. ग्रान सासोची प्रयोगशाळा डोंगराच्या पोटात आहे. तिथल्या ‘ऑपेरा’ या प्रयोगात न्यूट्रिनोंची नोंद होई. प्रकाशाला एवढे अंतर कापायला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. २३ सप्टेंबर २०११ रोजी या गटाने जाहीर केले, की न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसत आहेत. म्हणजे प्रकाशाच्या १८ मीटर पुढे! हे खरे असते तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचा पायाच हलला असता. आइन्स्टाइन चुकले, असा दावा त्यांनी केला नव्हता. आम्हांला चूक सापडत नाही, इतरांनी तपासावे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी काळजी थोडी घेतली नव्हती. दोन्ही ठिकाणची घड्याळे जीपीएस उपग्रहांच्या आधारे जुळवलेली होती, आणि ती जुळणी स्वित्झर्लंड व जर्मनीच्या मापनसंस्थांकडून तपासून घेतली होती. नोंदलेले न्यूट्रिनो पंधरा हजारांहून अधिक होते, त्यामुळे सरासरीत विखुरलेल्या चुकांचा भाग फारच कमी उरला होता. पण सरासरीने काय होत नाही, हे आपण कार्यशाळेतल्या १२.२ किलोओहमवरून पाहिलेच आहे.

जीपीएसचा वेळ डोंगराबाहेरून आतल्या मुख्य घड्याळापर्यंत ८ किलोमीटरहून लांब प्रकाशतंतूतून येत होता. त्याला लागणारे सुमारे ४१ मायक्रोसेकंद मोजून हिशोबात धरलेले होते. मात्र या तंतूचा एक कनेक्टर पूर्ण बसलेला नव्हता. त्यामुळे प्रकाश येत होता, पण कमी येत होता. पलीकडचा प्रकाशसंवेदक येणाऱ्या प्रकाशाने विद्युतभार साठवतो आणि दाब ठराविक पातळीला पोचला की ‘ठोका पडला’ असे मानतो. तोटी अर्धवट उघडली की बादली उशिरा भरते. तसेच इथे ठोका सुमारे ७३ नॅनोसेकंद उशिरा पडत होता. आता शर्यतीचे पंच आठवा. घड्याळ मागे राहिले, म्हणून धावपटू वेगवान ठरला!

दुसरीही एक चूक होती. मुख्य घड्याळाचा आंदोलक किंचित जलद चालत होता. तिचा परिणाम उलट दिशेचा आणि लहान होता. दोन चुकांनी एकमेकींना थोडे खाऊन जे उरले, तेच ते ६० नॅनोसेकंद.

आणि चुकीची खातरजमा कशी झाली? त्याच डोंगरातल्या दुसऱ्या दालनात ‘एलव्हीडी’ नावाचे वेगळे संवेदक होते. अवकाशातून येणारे म्युऑन कण कधीकधी आडवे जात दोन्ही उपकरणांतून पार होत. एकच कण दोन घड्याळांनी नोंदलेला! दोन नोंदींमधले अंतर वर्षानुवर्षे तेच राहायला हवे. जुन्या नोंदी काढल्या तेव्हा दिसले, की २००८ पासून २०११ च्या अखेरीपर्यंत ते सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेले होते. कनेक्टर किती काळ सैल होता, हेही त्यावरून कळले. फेब्रुवारी २०१२ मध्ये या त्रुटी जाहीर झाल्या. त्याच प्रयोगशाळेतल्या ‘इकॅरस’ या दुसऱ्या प्रयोगातही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाशी जुळला. मार्च २०१२ च्या अखेरीस ऑपेराचे प्रवक्ते आणि भौतिकीचे समन्वयक यांनी पदे सोडली. दुरुस्तीनंतर ऑपेराचा आकडाही प्रकाशाच्या वेगाशी जुळला.

एका सैल जोडणीने एवढी उलथापालथ झाली, असे म्हणून हसणे सोपे आहे. पण त्या गटाने आकडे लपवले नाहीत, सर्वांसमोर ठेवले, आणि शेवटी चूकही स्वतःच सांगितली. कार्यशाळेतल्या आमच्या दोन गटांनाही हेच करावे लागले होते.

वर्गात काय करता येईल

कपॅसिटरचा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात सहज होतो. कपॅसिटर १६ किंवा २५ व्होल्टचा घ्यावा आणि त्याचे धन-ऋण टोक उलट जोडू नये, तो बिघडतो किंवा फुटतो. कपॅसिटरवर छापलेली धारकता २० टक्क्यांनी कमीजास्त असू शकते, त्यामुळे कालस्थिरांक बरोबर १० सेकंद येईलच असे नाही. पण रोध मात्र १० किलोओहमच यायला हवा.

आधी मुलांना काही न सांगता करू द्यावे. १२ आणि ८ असे आकडे फळ्यावर आले की विचारावे: यात चूक कोणाची? मीटरची की माणसाची? मग वाचनाचा क्रम उलटवून पाहावा. त्यानंतर ‘होल्ड’चे बटण. शेवटी दोन्ही मीटर एकाच रोधावर विभवांतरासाठी जोडून, ‘आता’ म्हणताच दोघांनी होल्ड करावे. एकाच राशीचे दोन आकडे वेगळे आले, तर जो फरक दिसेल तो आपल्या मोजणीचा कच्चेपणा. ग्रान सासोच्या शास्त्रज्ञांनी म्युऑनच्या मदतीने केले ते याहून वेगळे नव्हते.

आमच्या कार्यशाळेच्या शेवटी १२.२ वाल्या गटातल्या शिक्षकांनी वहीतले उत्तर खोडले नाही. त्याखाली एक ओळ लिहिली: ‘धारेचे वाचन दोन सेकंद उशिरा.’ आम्हांला वाटते, ती वही त्यांनी वर्गात जशीच्या तशी दाखवावी.